सांधेदुखीवर वनस्पतीचा अर्क तपासायचा असेल तर

अर्क काढायला घेण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: कोणत्या सांधेदुखीसाठी? कूर्चा झिजून होणारा ऑस्टिओआर्थरायटिस, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आणि युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा गाऊट हे तीन वेगळे आजार आहेत. तिन्हींत सांधा दुखतो आणि सुजतो, साम्य तेवढंच. कॉल्चिकमपासून मिळालेलं कॉल्चिसिन गाऊटमध्ये चालतं, म्हणून ते ऱ्हुमॅटॉइडचं औषध ठरत नाही. मी फार्माकॉलॉजी शिकवते. माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यांमध्ये, ही ओळच नसते. उंदराच्या पंज्याची सूज चार तास मोजायची आणि शीर्षकात ‘संधिवात’ घालायचा, असा रिवाज पडून गेलाय.

दुसरी ओळ पहिलीहून महत्त्वाची: काय दिसलं तर मी म्हणेन की हा अर्क चालत नाही? याचं उत्तर आधी लिहून ठेवलं नसेल, तर पुढे चाचण्यांमागून चाचण्या करत राहाल आणि एकीत तरी आकडा चांगला येईलच. अर्क नापास होऊ शकेल अशी मांडणी करायची, हे माझं एकमेव तत्त्व आहे. खाली जे सांगते आहे ते त्याच्याच आधाराने.

वनस्पती नक्की कोणती

सांधेदुखीच्या बाबतीत हा प्रश्न फार बोचरा आहे, कारण या आजारावरच्या वनस्पतींतलं एक प्रमुख नाव म्हणजे रास्ना. रास्ना म्हणून उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, दक्षिणेकडे अल्पिनिया गॅलंगाचे कंद आणि बंगालकडे व्हँडा नावाच्या ऑर्किडची मुळं. एक सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप, दुसरं आल्याचं भावंड, तिसरं झाडावर वाढणारं ऑर्किड. तिघांच्या रसायनांचा एकमेकांशी संबंध नाही. पुनर्नव्याच्या जागी ट्रायँथेमा मिळणं हेही नेहमीचंच.

म्हणून विकत आणलेल्या पावडरवर काम सुरू करू नका. फूल किंवा फळ असलेली फांदी आणा, दाबून वाळवा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा करून त्याचा क्रमांक वहीत लिहा. कोणता भाग घेतला, कोणत्या महिन्यात तोडला, कसा वाळवला हेही लिहा. सुकलेलं मूळ किंवा डिंकच हाती येत असेल, तर सूक्ष्मदर्शकाखालची रचना, एचपीटीएलसीचं (पातळ थरावर द्रव्यं वेगळी करून मिळणारं) चित्र आणि शक्य असेल तर डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून ओळख, यांवर भिस्त ठेवा. डिंकात डीएनए मिळणं कठीण, तिथे रसायनांवरच भिस्त ठेवावी लागते.

आधीच तयार झालेला अर्क किंवा गोळ्या तपासायच्या असतील तर आणखी एक पायरी आहे आणि ती टाळू नका: भेसळ. सांधेदुखीच्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचे इशारे औषध नियामकांनी दिलेले आहेत. असा नमुना पंज्याची सूज झकास उतरवेल, आणि तुम्ही त्याचं श्रेय पानांना द्याल. एलसी-एमएसवर (द्रव्यं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) एकदा स्टेरॉइड आणि वेदनाशामकांची तपासणी करून घ्या. सोबत शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम पण.

अर्क: इथेच वेळ घालवा

सावलीत वाळवा, जाडसर दळा, चाळा. मैद्यासारखी बारीक पावडर केली तर सॉक्सलेटच्या (गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या उपकरणाच्या) थिंबलमध्ये, म्हणजे पावडर भरायच्या कागदी नळीत, ती घट्ट बसते आणि सॉल्व्हंट तिच्यातून नीट झिरपत नाही. सॉल्व्हंट कुठला, हा निर्णय परंपरेतल्या वापराकडे बघून घ्यावा असं माझं मत आहे. वापर काढ्याचा असेल तर पाण्यातला अर्क हवाच, मग त्याच्या जोडीला इथेनॉलचा घ्या. शल्लकीच्या डिंकातली बोस्वेलिक ॲसिडं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, तिथे नुसता पाण्याचा अर्क घेऊन ‘क्रिया दिसली नाही’ म्हणणं म्हणजे परीक्षाच चुकीच्या विषयाची घेणं. मिथेनॉल भरपूर काही ओढून घेतो म्हणून सगळ्यांचा लाडका आहे, पण अर्कात तो उरला तर त्याचाही हिशेब द्यावा लागतो.

सॉक्सलेटमध्ये अर्क तासन्‌तास उकळत्या सॉल्व्हंटमध्ये राहतो. उष्णतेने बिघडणारी द्रव्यं अपेक्षित असतील तर खोलीच्या तापमानाला भिजवून, अधूनमधून हलवून, गाळून घ्या. सॉल्व्हंट उडवणाऱ्या रोटाव्हॅपचं पाणी ४० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. पाण्याचा अर्क फ्रीज ड्राय करा.

आता जे बहुतेक जण एका ओळीत उरकतात ते नीट लिहा: किती ग्रॅम सुक्या पावडरीतून किती ग्रॅम अर्क निघाला. १०० ग्रॅममधून ८ ग्रॅम निघाला तर उतारा ८ टक्के. हा आकडा पुढे डोसच्या हिशेबात तुम्हाला खिंडीत गाठणार आहे, लक्षात असू द्या.

त्यानंतर अर्काचा ठसा घ्या. एचपीएलसी किंवा एचपीटीएलसीवर फिंगरप्रिंट, आणि निदान एका मार्कर (अर्काची ओळख पटवणाऱ्या) द्रव्याचं प्रमाण: हळदीत कर्क्युमिन, शल्लकीत एकेबीए हे बोस्वेलिक ॲसिड, सुंठेत जिंजेरॉल आणि शोगाओल. ‘अल्कलॉइड अधिक, टॅनिन अधिक, सॅपोनिन उणे’ असा परीक्षानळीतल्या रंगांचा तक्ता हा ठसा नव्हे. तो तक्ता जवळजवळ कुठल्याही झाडाला लागू पडतो. २०२२ मध्ये वनस्पती अर्कांच्या रासायनिक वर्णनासाठी कॉनफिम्प ही मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली आहेत, ती समोर ठेवूनच लिहा. संपूर्ण अभ्यासाला पुरेल एवढा अर्क एकाच बॅचमध्ये काढा, छोट्या बाटल्यांत भरा, उणे २० वर ठेवा, आणि एक बाटली न उघडता राखून ठेवा.

टेबलावरच्या स्वस्त चाचण्या

अंड्यातला अल्ब्युमिन किंवा बीएसए (गाईच्या रक्तातला अल्ब्युमिन) तापवून प्रथिनाची रचना बिघडणं, म्हणजे डिनॅच्युरेशन, अर्काने थांबतं का ही चाचणी सगळीकडे चालते. सोपी आहे, स्वस्त आहे, आणि तिच्यावर माझा फारसा जीव नाही. का ते सांगते.

तापवल्यावर प्रथिन गढूळ होतं आणि ६६० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे नळीत अडणाऱ्या प्रकाशाचं माप, वाढतो. म्हणजे संरक्षण झालं तर ॲब्सॉर्बन्स कमी यायला हवा. पण बऱ्याच ठिकाणी जे सूत्र वापरलं जातं त्यात नमुन्याच्या आकड्याला कंट्रोलच्या (अर्क न घातलेल्या नळीच्या) आकड्याने भागून त्यातून १ वजा करतात. म्हणजे ॲब्सॉर्बन्स जितका जास्त तितका ‘प्रतिबंध’ जास्त! गडद तपकिरी अर्क स्वतःच्या रंगाने ॲब्सॉर्बन्स वाढवतो, टॅनिन प्रथिनाचा साका करून आणखी वाढवतात, आणि वहीत १२० टक्के, २०० टक्के प्रतिबंध असे आकडे येतात. शंभर टक्क्यांच्या वरचा प्रतिबंध दिसला की तिथेच थांबायला हवं. प्रत्येक सांद्रतेला प्रथिनाशिवाय नुसत्या अर्काचा कंट्रोल ठेवा, तो वजा करा, आणि सूत्राची दिशा डोळ्यांनी नळीकडे बघून तपासा. स्वच्छ नळीला जास्त मार्क मिळतायत की गढूळ नळीला?

तांबड्या पेशींच्या पटलाचं स्थैर्य बघणारी चाचणी थोडी बरी. सॅपोनिन असलेला अर्क पेशी स्वतःच फोडतो हे ध्यानात ठेवा. या दोन चाचण्यांवर ‘संधिवातविरोधी’ हा शब्द मात्र टेकवू नका. त्या चाळणीच्या कामाच्या, निकालाच्या नाहीत.

कॉक्स-१, कॉक्स-२ आणि ५-लायपॉक्सिजिनेज या सूज वाढवणारी द्रव्यं बनवणाऱ्या एन्झाइमांच्या चाचण्या अधिक सांगतात, कारण तिथे यंत्रणेचा प्रश्न आहे. ॲस्पिरिनसारखी औषधं (कॉक्समधून तयार होणारं, सूज आणणारं) प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, तेव्हापासून हा रस्ता मोकळा आहे. दोन्ही कॉक्सची तुलना करा. नुसतं कॉक्स-१ दाबणारा अर्क म्हणजे पोटाला त्रास देण्याचीच शक्यता जास्त.

पेशींवर

इथला नेहमीचा गडी म्हणजे उंदराच्या मॅक्रोफेजची (प्रतिकारशक्तीच्या एका पेशीची) आरएडब्ल्यू २६४.७ ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशीरेषा. एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं द्रव्य) देऊन पेशींना भडकवायचं, अर्क द्यायचा, २४ तासांनी वरच्या द्रवात ग्रीस रीएजंटने ५४० नॅनोमीटरला नायट्राइट (पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) मोजायचं, एलायझा या प्रतिपिंडांच्या चाचणीने टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ हे सुजेचे निरोप पोचवणारे रेणू बघायचे. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, त्यामुळे विषारी अर्क इथे हमखास ‘सूजविरोधी’ दिसतो. म्हणून एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग वापरणारी चाचणी) आधी करा आणि ज्या सांद्रतेला पेशी जवळपास सगळ्या जिवंत आहेत तेवढ्याच सांद्रता पुढे न्या.

आणि त्या एमटीटीलाही फसू नका. पॉलिफेनॉलने भरलेला अर्क पेशी नसतानाही एमटीटीला थेट जांभळं करतो. म्हणजे पेशी मेल्यात, पण प्लेट सांगते सगळं आलबेल. एक ओळ पेशीविना ठेवली की हे तासाभरात कळतं. शंका राहिली तर एलडीएच किंवा ट्रायपॅन ब्लू या पेशी मेल्यात का हे बघणाऱ्या दुसऱ्या चाचण्या करून बघा. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ अंतिम सांद्रतेत ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा आणि तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही द्या.

आणखी एक फारसं न बोललं जाणारं: मुळं आणि कंद मातीत वाढतात, त्यांच्या अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, येऊ शकतं. त्यामुळे एलपीएस न देता नुसता अर्क दिलेला गट ठेवा. पेशी नुसत्या अर्कानेच भडकल्या तर आधी एंडोटॉक्सिन शोधणाऱ्या एलएएल चाचणीकडे जा.

कर्क्युमिन तर अनेक चाचण्यांना चकवतं: स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं, द्रावणात टिकत नाही. २०१७ मध्ये औषध रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेऊन या खोट्या होकारांची यादीच मांडली होती. हळदीवर काम करणाऱ्याने तो आढावा वाचल्याशिवाय पिपेट उचलू नये.

प्राण्यांवर जायचंच असेल

नीतिसमितीची मंजुरी आधी, प्रयोग नंतर. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले तीन मुद्दे, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी करता येईल का, हे अर्जात भरायचे रकाने नाहीत, प्रयोगाची मांडणीच त्यातून ठरते. पेशींवर काहीच न दिसलेला अर्क प्राण्यांवर ‘बघू तर खरं’ म्हणून द्यायला माझा सरळ विरोध असतो.

आधी विषारीपणा. ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीने तीन-तीन प्राण्यांच्या टप्प्यांत तोंडावाटे डोस, १४ दिवस निरीक्षण. ‘२००० मिलिग्रॅमला एकही मेला नाही’ याचा अर्थ एका डोसने मेला नाही, एवढाच. सांधेदुखीचं औषध महिनोन्‌महिने घेतलं जातं, त्यामुळे २८ किंवा ९० दिवसांचा अभ्यास लागतोच. ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी ही चिनी वेल ऱ्हुमॅटॉइडमध्ये खरंच उपयोगी पडल्याचं क्लिनिकल चाचण्यांत दिसलं आहे, पण प्रजननक्षमतेवर होणारा दुष्परिणाम तिच्या वापराला लगाम घालतो. आणि आपली कळलावी! तिच्यात कॉल्चिसिन आहे आणि तिच्या कंदाने माणसं दगावतात. झाडपाला आहे म्हणून निर्धोक, हे गृहीत धरून या कामात उतरू नये.

सूज बघण्यासाठी कॅराजीननची (समुद्री शेवाळातल्या, टोचल्यावर सूज आणणाऱ्या द्रव्याची) पद्धत, विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडलेली. एक टक्का कॅराजीनन सलाईनमध्ये, ०.१ मिली, रॅटच्या मागच्या पंज्याच्या तळव्यात. अर्क तासभर आधी गॅव्हेजने (नळीने थेट पोटात), ०.५ टक्के सीएमसी या घट्टपणा आणणाऱ्या द्रव्यात कालवून. कॅराजीनन ऐनवेळी कालवलं तर गुठळ्या राहतात आणि सुई अडते, आदल्या संध्याकाळीच भिजत घाला. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन १० मिलिग्रॅम प्रति किलो हा तुलनेचा गट.

सगळा खेळ मोजण्यात आहे. प्लेथिस्मोमीटरच्या (पंज्याचा आकार पाणी किती सरकलं यावरून मोजणाऱ्या उपकरणाच्या) नळीत पंजा बुडवायचा असतो, पण किती? घोट्याच्या हाडावर पक्क्या शाईने रेघ मारा आणि दर वेळी पाणी बरोब्बर त्या रेघेला टेकलं की वाचा. रेघ तिसऱ्या तासाला फिकी होते, पुन्हा गिरवा. केसांत बुडबुडा अडकला तर आकडा वाढतो, म्हणून पंजा आधी एकदा ओला करून पुसून घ्या. प्राण्याने पाय ओढला की तो आकडा सोडा, तीन वेळा वाचून सरासरी घ्या. धरणारा आणि वाचणारा पूर्ण प्रयोगभर तोच ठेवा, आणि वाचणाऱ्याला कुठल्या बाटलीत काय हे माहीत नको. बाटल्यांवर अ, ब, क लिहायचं आणि यादी तिसऱ्याच माणसाच्या ड्रॉवरमध्ये. माझ्याकडे हा नियम मोडला तर त्या दिवसाचे आकडे मी घेत नाही.

हिशेबात मूळ आकार वजा करायला विसरू नका. समजा पंजा सुरुवातीला १.२० मिली, तिसऱ्या तासाला कंट्रोलमध्ये १.९५ आणि अर्काच्या गटात १.६५. सूज झाली अनुक्रमे ०.७५ आणि ०.४५, म्हणजे प्रतिबंध ४० टक्के. मूळ आकार न वजावता काढलात तर तोच १५ टक्के येतो.

आकडा कोणत्या तासाचा तेही बोलतं. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन काम करतात, अडीच-तीन तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन. पहिल्याच तासात परिणाम दाखवून पुढे ढेपाळणारा अर्क वेदनाशामकांच्या वाटेने जात नाहीये. अर्क सुईने पोटात देण्याचा मोह टाळा: क्षोभक द्रव्य पोटात टोचलं की तिथल्या जळजळीमुळेच पंज्याची सूज कमी दिसते. तोंडावाटे द्यायचं औषध तोंडावाटेच द्या.

पण चार तासांची सूज म्हणजे संधिवात नव्हे. ऱ्हुमॅटॉइडसाठी फ्रॉइंड्स कंप्लीट ॲडज्युव्हंट (मारलेले जिवाणू घातलेलं, प्रतिकारशक्तीला भडकवणारं तेल) किंवा डीबीए/१ जातीच्या माइसमध्ये टाइप २ कोलॅजन, ऑस्टिओआर्थरायटिससाठी गुडघ्यात आयोडोॲसिटेट, गाऊटसाठी युरेटचे स्फटिक. ॲडज्युव्हंटमध्ये टोचलेला पंजा लगेच सुजतो, आणि दहा-चौदा दिवसांनी न टोचलेले सांधेही सुजतात. तो दुसरा टप्पा महत्त्वाचा. अर्क पहिल्या दिवसापासून दिलात तर तुम्ही आजार रोखता येतो का हे बघताय. रुग्ण मात्र सांधा सुजल्यावर येतो. निदान एका गटाला चौदाव्या दिवसापासून सुरू करा. आकडा पडेल, पडू दे. सूज, सांध्यांचा गुणांक, वजन, एक्स-रे आणि शेवटी सांध्याची हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली काप बघणं), यात हिस्टॉलॉजीवर माझा सर्वांत जास्त विश्वास. सूज उतरूनही आत कूर्चा खाल्ली गेलेली असू शकते. प्राण्यांना उभं राहता येत नाही, म्हणून खाणं पिंजऱ्याच्या तळाशी, पाण्याची नळी लांब, अंथरूण मऊ. आणि स्वतः चष्मा लावा: ॲडज्युव्हंटची सुई बोटात गेली तर जखम फार काळ चिघळते.

गट चिठ्ठ्यांनी पाडा, संख्या आधी हिशेब करून ठरवा, लिहिताना प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या अहवालासाठीची अराइव्ह २.० ही मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा. कंट्रोलशी तुलनेला डनेटची संख्याशास्त्रीय चाचणी. एका प्राण्याचे दोन पंजे म्हणजे दोन प्राणी नव्हेत.

डोसची वजाबाकी

आता तो ८ टक्क्यांचा आकडा काढा. समजा रॅटमध्ये ४०० मिलिग्रॅम प्रति किलोला परिणाम दिसला. माणसाच्या समतुल्य डोससाठी ६.२ ने (रॅट आणि माणसाच्या शरीराच्या पृष्ठभागावरून ठरवलेल्या आकड्याने) भागायचं: साधारण ६५ मिलिग्रॅम प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क. उतारा ८ टक्के असेल तर ती रोजची जवळपास ४८ ग्रॅम सुकी पावडर झाली. परंपरेत तीन-पाच ग्रॅम चूर्ण घेत असतील, तर तुमच्या निष्कर्षाने त्या वापराला आधार मिळाला असं लिहिता येणार नाही. हा हिशेब प्रयोग संपल्यावर नको, डोस ठरवतानाच करा. बहुतेक ‘४०० मिलिग्रॅम’ असेच गळून पडतात.

माणसांवरची चाचणी हा वेगळा डोंगर आहे. नोंदणी, नीतिसमिती, डॉक्टर, पैसा हे सगळं उभं राहिल्याशिवाय ओळखीच्या आजींना अर्क देऊन बघणं हा प्रयोग नव्हे, गुन्हा आहे. करायचीच तर तिथेही आजार आधी ठरवा: सुधारणा मोजायला गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसला वोमॅक ही प्रश्नावली, ऱ्हुमॅटॉइडला डास-२८ किंवा एसीआर-२० हे निकष. गुडघेदुखी प्लासिबोनेही बरीच कमी होते, त्यामुळे प्लासिबोशिवाय केलेल्या चाचणीत सगळंच चालतं. प्लासिबोचा रंग, वास, चव जुळवणं वनस्पतींच्या बाबतीत फार अवघड. चाचणी संपल्यावर ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ हे रुग्णांना विचारून उत्तरं मोजा. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णाचं मेथोट्रेक्सेट हे नेहमीचं औषध बंद करून अर्क देऊ नका, त्याच्या जोडीला द्या, आणि यकृताच्या तपासण्या दोन्ही गटांत सारख्याच वेळी करा. गरज पडली तर घ्यायच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोजून द्या, उरलेल्या परत मागवून मोजा. दुखणं किती कमी झालं हे रुग्ण जसं सांगतो, तसं ती उरलेली पाकिटंही सांगतात, आणि दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी छापा.